मूल मोजायचं कुठल्या पट्टीनं?

दिवाळीच्या सुमाराला परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात कापूस फुटतो आणि गावोगावच्या अंगणवाड्या रिकाम्या दिसू लागतात. वेचणीला जाणारी बाई सकाळीच घराबाहेर पडते. तान्हं काखेत, चार वर्षांचं बोटाला. शेतात बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली जाते आणि थोरलं पोर धाकट्याला झोके देत बसतं. अंगणवाडीच्या हजेरीपटावर त्या थोरल्यापुढे गैरहजेरी लागते. त्याच दिवसांत जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. त्यांची मुलं पटावर राहतात ती नावापुरती.

या गैरहजेरीचा जाब कुणाला विचारायचा? नेहमीचं उत्तर तयार असतं: पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. हे उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीही तयारच होतं. ते नाकारणारी एक बाई महाराष्ट्रात होऊन गेली. मूल केंद्रात येत नसेल तर केंद्राची मांडणी चुकली आहे असं धरून चालायचं, मांडणी बदलायची आणि बदलल्यावर मुलं काय करतात ते बघत राहायचं, ही तिची रीत होती. आज जिला आपण सरकारी योजना म्हणून ओळखतो ती अंगणवाडी या रीतीतून निघाली. बाईचं नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंच्या नावापुढे सहसा दोन बिरुदं लावली जातात. एक ‘थोर समाजसेविका’ आणि दुसरं ‘भारताच्या माँटेसरी’. दोन्ही आदरानं दिलेली आहेत आणि दोन्हींनी त्यांच्या कामाचा गाभा झाकला गेला आहे. समाजसेविका म्हटलं की त्याग दिसतो, बुद्धी दिसत नाही. भारताच्या माँटेसरी म्हटलं की उसनवारी दिसते. माँटेसरींची वाट त्यांनी कुठे आणि का सोडली, हे दिसत नाही. त्यांचं आयुष्य बालविकासाच्या संशोधकाचं आयुष्य म्हणून वाचलं, तर सेलूच्या हजेरीपटावरच्या प्रश्नालाही काही उपयोगी उत्तर मिळतं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, आई उमाबाई. मुलींनी शिकावं की नाही यावर जिथे वादच नव्हता, अशा मोजक्या घरांपैकी हे एक. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. वकील कृष्णराव मोडक यांच्याशी लग्न झालं, संसार अमरावतीला थाटला गेला आणि काही वर्षांतच मोडला. १९२१ च्या सुमाराला पतीपासून वेगळं होऊन, मुलीची जबाबदारी घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, प्रतिष्ठा त्याहून चांगली. एकट्या बाईनं अशी नोकरी सोडू नये, हा व्यवहार त्या काळी कुणीही सांगितला असता. १९२३ मध्ये त्यांनी ती सोडली आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम सुरू केलं.

गिजुभाई मूळचे वकील. माँटेसरींची पुस्तकं वाचून त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं होतं. छडी नाही, पाठांतर नाही, मुलाला हव्या त्या साधनापाशी हवा तितका वेळ. ताराबाई तिथे शिकायला गेल्या आणि बघता बघता भागीदार झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघत होती, १९३३ पासून मराठीतही निघू लागली आणि मराठी आवृत्तीचा भार ताराबाईंनी पुढची अनेक वर्षं वाहिला. आईबापांनी आणि शिक्षकांनी मुलाकडे बघायला शिकावं, हा त्या मासिकाचा उद्योग होता. मूल खोटं का बोलतं, हट्ट का करतं, जेवताना का रेंगाळतं, अशा घरगुती वाटणाऱ्या प्रश्नांना तिथे मानसशास्त्राच्या पंगतीत जागा मिळाली.

माँटेसरींशी फारकत इथूनच सुरू होते. माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, ते मोजक्या साधनांनिशी. पण १९२० पर्यंत त्या पद्धतीभोवती ठरावीक मापाच्या, ठरावीक लाकडाच्या साधनांची आणि ठरावीक प्रशिक्षणाची चौकट उभी राहिली होती. लहान मुलांना अद्‍भुत गोष्टी सांगाव्यात याला माँटेसरी फारशा अनुकूल नव्हत्या. भावनगरला मात्र गोष्ट हा दिनक्रमाचा कणा झाला; गाणी आली, नाट्यप्रवेश आले, लोककथा आल्या. समोर बसलेली मुलं गोष्टीला कसा प्रतिसाद देतात हे रोज दिसत होतं आणि त्या दिसण्याला पुस्तकातल्या मतापेक्षा जास्त वजन दिलं गेलं. संशोधनाची सुरुवात बहुधा अशीच होते: आवडत्या गुरूचं म्हणणं आणि समोरचं वास्तव यांत तफावत पडली की कशाला जागा सोडायला लावायची, हे ठरवावं लागतं.

याच काळात इंग्लंडमध्ये सुझन आयझॅक्स जवळजवळ हेच करत होत्या. १९२४ ते १९२७ या तीन वर्षांत केंब्रिजच्या मॉल्टिंग हाउस स्कूलमध्ये त्यांनी मुलांना मोकळं सोडलं आणि मुलं काय बोलतात, कशावरून भांडतात, काय विचारतात ते टिपून ठेवलं. १९२७ मध्ये जाँ पियाजे ती शाळा पाहून गेले. त्या टिपणांतून १९३० आणि १९३३ मध्ये दोन जाडजूड ग्रंथ झाले. लहान मूल तर्क करू शकत नाही, या पियाजेंच्या त्या वेळच्या मांडणीला त्यांतून गंभीर आव्हान मिळालं. १९३३ मध्ये आयझॅक्सबाई लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये बालविकास विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. त्यांना जगानं संशोधक म्हटलं आणि ते योग्यच झालं. पण त्यांच्या शाळेत नियंत्रित गट नव्हता, संख्याशास्त्र नव्हतं, मुलांची संख्याही थोडकी होती आणि ती मुलं बरीचशी केंब्रिजच्या प्राध्यापकांची होती. फरक होता तो साधनांचा. आयझॅक्सना धनिक पाठीराखा होता, टिपणं घेणारे सहकारी होते, पुढे छापणारे प्रकाशक आणि नेमणूक देणारं विद्यापीठ होतं. ताराबाईंचं निरीक्षण मासिकाच्या अंकांत, प्रशिक्षणवर्गांत आणि सहकाऱ्यांच्या हाताला लागलेल्या सवयींत विखुरलं. विद्यापीठातलं पद आणि संशोधनग्रंथ या दोन्हींच्या अभावी जे उरतं, त्याला आपण सेवा म्हणून मोकळे होतो.

ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. बालशिक्षणाचं प्रशिक्षण देणारं अध्यापन मंदिरही उभं राहिलं. मध्यमवर्गीय दादरला हे सगळं मानवलं. पन्नाशीच्या बाईनं इथे थांबायला हरकत नव्हती. पुढे १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधिमंडळाच्या सदस्यही होणार होत्या. पण शिशुविहारात जे मूल दिसत होतं ते एका विशिष्ट घरातलं होतं: त्याला आंघोळ घालून पाठवलं जात होतं, त्याची आई किंवा आजी त्याला आणायला येत होती, त्याच्या घरात पुस्तकं होती. या मुलावरून काढलेले निष्कर्ष सगळ्या मुलांना लागू होतात का? हा प्रश्न घेऊन डिसेंबर १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं.

त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. पुढे शिकून त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा स्मारकाच्या ग्रामसेविका शिबिरात दोघींची गाठ पडली. पुढची जवळजवळ तीन दशकं हे काम जोडीनं झालं आणि ताराबाईंमागे अनुताईंनी ते १९९२ पर्यंत चालवलं.

१९४५ हे साल त्या भागात साधं नव्हतं. त्याच वर्षी तलासरी-डहाणूच्या रानात गोदावरी परुळेकर वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करत होत्या. दोघीही शहरातून आलेल्या, उच्चशिक्षित. एकीनं जमीनदाराला हात घातला, दुसरीनं तीन वर्षांच्या मुलाला. वेठ कायम असताना मुलांना मणी ओवायला शिकवून काय होणार, असा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता आणि तो पोकळ ठरला नसता. पण वेठ गेल्यावर ते मूल कुठे बसणार, काय करणार, याचंही उत्तर कुणाला तरी शोधून ठेवावं लागणार होतं.

बोर्डीत केंद्र सुरू झालं, पण ज्यांच्यासाठी ते होतं त्यांतली बरीच मुलं येईनात. दलित वस्तीतून गावात यायचं म्हणजे जातीची अदृश्य वेस ओलांडायची. मजुरीला गेलेल्या आईला मुलाला पोहोचवायला वेळ नाही. अंगावर धड कपडा नाही. मग केंद्रच वस्तीत गेलं. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, तिथेच हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, तिथेच गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरींच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पानं, माती, काड्या आल्या. मोठं-लहान, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे भेद या वस्तूंनी तितकेच नीट शिकवले. इंद्रियांचं शिक्षण लाकडाच्या जातीवर अवलंबून नसतं, ही गोष्ट एरवी कुणी वादात म्हटली असती; इथे ती करून पाहिली गेली.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि प्रश्न आणखी अवघड झाले. वारली पाड्यांतली सहा-सात वर्षांची मुलं गुरं राखत. शाळेची घंटा आणि गुरं सोडायची वेळ एकच. तेव्हा शिक्षक गुरांमागे गेले आणि कुरणात शाळा भरली. तिला कुरणशाळा म्हणत. मुली मात्र तरीही येईनात. कारण शोधलं तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या कडेवर भावंडं आहेत. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. याला विकासवाडी हे नाव मिळालं. वारली बोली, तिथली गाणी, तिथले नाच वर्गात आले.

या क्रमाकडे नीट पाहावं. आधी अंदाज: जवळ शाळा असली की मुलं येतील. निरीक्षण: येत नाहीत. नवा अंदाज: अंतर आणि जात आडवी येते. बदल: केंद्र अंगणात. निरीक्षण: लहानगी येतात, गुराखी येत नाहीत. बदल: वेळ आणि जागा. निरीक्षण: मुली येत नाहीत. नवा अंदाज: सात वर्षांच्या मुलीच्या शिक्षणाची किल्ली एक वर्षाच्या भावापाशी आहे. बदल: पाळणाघर. हा शेवटचा निष्कर्ष तर अर्थशास्त्रज्ञ आणि स्त्री-अभ्यासकांनी पुढे अनेक देशांत आकडेवारीनिशी मांडला. कोसबाडला तो मुलींच्या कडेवर काय आहे ते पाहून सापडला होता.

ताराबाईंनी या सगळ्यात काय बदललं आणि काय बदललं नाही, यात त्यांचं खरं मर्म आहे. वेळ, जागा, साधन, भाषा हे सगळं मुलाच्या बाजूला सरकलं. अपेक्षा मात्र जागची हलली नाही. दादरच्या मुलाचं कुतूहल, एकाग्रता, बोलतं होणं जितकं महत्त्वाचं, तितकंच पाड्यावरच्या मुलाचं. ‘या मुलांना एवढं पुरे’ ही दयाबुद्धी त्यांनी दाराबाहेर ठेवली. बालविकासाच्या अभ्यासातला सगळ्यात अवघड निर्णय हाच असतो: पट्टी कुठे सगळ्यांना सारखी लावायची आणि कुठे ती मुलाच्या जगातून घडवायची.

याची दोन उदाहरणं एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात. पहिलं शरीराच्या वाढीचं. मुलाची उंची आणि वजन किती असावं हे ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांचा अभ्यास केला. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांतली होती. निष्कर्ष असा निघाला की पोटभर योग्य अन्न, स्तनपान, स्वच्छता आणि आरोग्यसेवा मिळाली तर या सहाही देशांतली लहान मुलं जवळजवळ सारखीच वाढतात. २००६ मध्ये त्यावरून मानकं जाहीर झाली आणि आज अंगणवाडीतल्या वृद्धी-आलेखाला त्यांचाच आधार आहे. अधूनमधून सूर निघतो की आपली मुलं मुळातच लहानखुरी, त्यांना परदेशी माप कशाला. हा सूर ऐकायला स्वाभिमानी वाटतो, पण त्यानं भूक झाकली जाते. सेलूच्या मुलासाठी वजनाची पट्टी खाली आणली तर कागदावरचं कुपोषण एका दिवसात घटेल आणि मुलाच्या ताटात एक घासही वाढणार नाही. इथे पट्टी बदलता कामा नये.

दुसरं उदाहरण बुद्धीच्या आणि हालचालींच्या विकासाचं. अमेरिकेत नॅन्सी बेली यांनी १९२८ पासून बर्कलीतल्या ६१ बाळांचा पिच्छा पुरवून कुठल्या महिन्यात बाळ काय करतं याची मोजपट्टी तयार केली. ती जगभर वापरली गेली. ती भारतीय बाळांना तशीच लावावी का, हा प्रश्न बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी हाती घेतला. बडोद्यातली बाळं तपासून त्यांनी जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतचे भारतीय प्रमाण ठरवले; त्याचा अहवाल १९७० मध्ये आला. १९९७ मध्ये सुधारून आलेली त्यांची मोजपट्टी बालरोगतज्ज्ञ आजही वापरतात. हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ कसोट्या तिच्यात आहेत. त्रिवेंद्रमला घडवलेली सतरा कसोट्यांची सोपी चाळणीही या बडोदा प्रमाणांवरच उभी आहे. माणसाचं चित्र काढायला सांगून बुद्धी अजमावण्याची चाचणी फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये अमेरिकेत आणली होती. तिचीही भारतीय मुलांसाठीची गुणांकनपद्धती फाटकबाईंनी तयार केली. देशातल्या डॉक्टरांच्या टेबलावर ज्यांचं काम आहे, त्या बाईंचं नाव मराठी वाचकाला जवळजवळ ठाऊक नाही.

इथे पट्टी का बदलावी लागते? १९५० च्या दशकात मार्सेल जेबेर या फ्रेंच संशोधिकेनं युगांडातली बाळं युरोपातल्या बाळांपेक्षा लवकर बसतात, लवकर चालतात असं नोंदवलं आणि आफ्रिकी बाळं जन्मतःच पुढे असतात असा बोलबाला झाला. १९७६ मध्ये चार्ल्स सुपर यांनी केनियात पाहिलं की तिथल्या आया बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. त्यासाठी मातीत खळगा करून बाळाला टेकवून बसवतात. जे शिकवलं जात होतं त्यात बाळं पुढे होती, रांगण्यासारखं जे शिकवलं जात नव्हतं त्यात नव्हती. म्हणजे चाचणी बाळाबरोबरच त्याच्या आईची रीतही मोजत होती. आपल्याकडे जिच्या हाताची मालीश बाळाला महिनोन्‌महिने मिळते त्या आजीचा वाटाही अशा आकड्यांत कुठेतरी असणार. ज्या मुलाच्या हाती कधी पेन्सिल आली नाही त्याला माणसाचं चित्र काढायला लावून मंद ठरवणं हा मुलाचा नव्हे, परीक्षकाचा दोष आहे.

आता ताराबाईंवरचे आक्षेप. पहिला: त्यांनी मोजलं नाही. हा आक्षेप खरा आहे. बोर्डी-कोसबाडच्या किती मुलांची भाषा, स्मरण, हालचाल किती महिन्यांत कशी बदलली, याचे फाटकबाईंसारखे तक्ते त्यांनी मागे ठेवले नाहीत. त्यामुळे त्यांचं काम विद्यापीठांना पुढे नेता आलं नाही आणि ‘कोसबाडला जमलं, कारण तिथे ताराबाई आणि अनुताई होत्या’ असं म्हणून सरकारला हात झटकता आले. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: नखं कापणं, केस विंचरणं, नीटनेटकं बसवणं हा मध्यमवर्गीय संस्कारांचा आदिवासी मुलावर चढवलेला मुलामा नव्हता का? काही अंशी होता. त्या पिढीच्या सुधारकांना स्वच्छता आणि संस्कार वेगळे दिसत नसत. पण मुलाला शाळेसारखं करण्यापेक्षा शाळेला मुलासारखं करण्यावर जितका खर्च या दोघींनी केला, तितका त्यांच्या बहुतेक टीकाकारांनीही केला नाही. गुराख्याला गुरं सोडायला न लावता कुरणात शाळा नेणं, हा मुलामा चढवणाऱ्याचा विचार नव्हे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव घेऊन देशभर पसरली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषण शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात आहेत. पहिल्या पाच मोजता येतात. सहावी मोजायला अवघड, म्हणून ती मागे पडत गेली. नाव राज्यव्यवस्थेनं उचललं, आहार जोडला हे फार चांगलं केलं, पण बघत बघत बदलण्याची रीत वाटेतच गळाली. केंद्राची वेळ, जागा, भाषा मुंबईत आणि दिल्लीत ठरू लागली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ नं तीन ते सहा वयोगटाच्या शिक्षणाची सोय सरकारनं ‘करावी’ एवढंच सुचवलं, बंधन घातलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा मानला. धोरण आता कुठे ताराबाईंच्या विकासवाडीपाशी येऊन पोहोचतं आहे.

सेलूत याचा अर्थ काय होतो? हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी शिक्षणाचं माध्यम उर्दू असताना मराठीतून शिकता यावं म्हणून मराठवाड्यात ज्या खासगी शाळा जिद्दीनं उभ्या राहिल्या, त्यांत सेलूचं नूतन विद्यालय आहे. घरची भाषा एक आणि वर्गातली दुसरी असली की मूल कसं गप्प होतं, हे या गावाला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नसावी. आज तीच अडचण जिंतूर-सेलू पट्ट्यातल्या बंजारा तांड्यांवर आहे. घरी गोरमाटी बोलणारं चार वर्षांचं मूल अंगणवाडीत मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही आणि नोंद होते ती भाषाविकास कमी असल्याची. वजनकाट्यावर त्या मुलाला कुठलीही सूट नको. भाषेच्या रकान्यात मात्र त्याच्याशी आधी त्याच्या भाषेत बोलावं लागेल. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये स्थलांतरित मुलाची नोंद दुसऱ्या गावच्या केंद्राकडे नेण्याची सोय आहे, त्यानं आहार मिळू शकतो. ते मूल काय शिकलं होतं, कुठे अडलं होतं, हे मात्र त्याच्यासोबत जात नाही. भावंड सांभाळणाऱ्या मुलीसाठी २०२२ पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची केंद्राची योजना आहे. वेचणीच्या गावांत ती हंगामापुरती तरी उघडली तर कोसबाडचा निष्कर्ष मराठवाड्याच्या काळ्या मातीत तपासता येईल.

तपासायचं कुणी, याचं उत्तरही जिल्ह्यातच आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पूर्वीच्या गृहविज्ञान आणि आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात मानव विकासाचा विभाग आहे. मोजण्याचं शास्त्र तिथे आहे, मुलं रोज बघणारी नजर गावच्या सेविकेपाशी आहे. ताराबाई आणि फाटकबाई यांची कधी न जमलेली जोडी इथे जमवता येईल. सेविकेनं आठवड्याला एका मुलाचं पानभर निरीक्षण लिहायचं, विभागानं ते वाचून प्रश्न विचारायचे, वेळ आणि जागा बदलून पुन्हा बघायचं. तीन हंगाम असं चाललं तर सेलू तालुक्यापुरतं तरी ठामपणे सांगता येईल की मूल येत नाही ते पालकांमुळे की घड्याळामुळे.

यात एक अडचण आहे आणि ती शास्त्राची नाही. सेविकेला पगार नाही, मानधन आहे. २५ एप्रिल २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना पुन्हा संपावर जावं लागलं. आहाराच्या नोंदी, ॲपवरची माहिती, सर्वेक्षणं या सगळ्यातून ज्या बाईला मुलांसोबत बसायला सलग तास मिळत नाही, तिच्याकडून निरीक्षणाची अपेक्षा करणं म्हणजे ताराबाईंच्या बाबतीत जे केलं तेच पुन्हा करणं: बुद्धीचं काम करून घ्यायचं आणि सेवाभावाचं प्रमाणपत्र द्यायचं. त्या तासाची किंमत ठरवणं, तो नोंदवह्यांतून सोडवून घेणं आणि त्यासाठी वेगळा मोबदला धरणं हे काम सेविकेच्या निष्ठेवर सोडता येणार नाही. त्याची पहिली मागणी जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीपुढे लेखी जायला हवी, पुढच्या अंदाजपत्रकाच्या आधी.